दीक्षाचं पोट दुखत होतं

माणूस बोलत असताना त्याच्या डोक्यामागं जाऊन बसायचं, ही कोणत्या घरची रीत? माझा लहाना पोरगा प्रशिक तसा बसतो. बोलणारा दिवाणावर आडवा, छताकडे डोळे लावून बोलतोय, आणि हा मागं खुर्ची टाकून वहीत लिहितोय. तोंड दिसलं की माणूस मोकळं बोलत नाही, म्हणे. मी त्याला म्हटलं, बाबू, आम्ही नळावर भांडलो ते एकमेकीच्या तोंडासमोर भांडलो, आणि सारं मोकळंच बोललो, कोणाचं काही पोटात राहिलं नाही. तो हसला. शिकलेला पोरगा अडाणी मायवर हसतो तसा. आता तर घरातही त्याचं तेच चाललंय. जेवायला बसला की ताटाकडे पाहतो, पाणी मागतो तेही भिंतीला. वर्ष झालं, माझ्या डोळ्याला डोळा दिला नाही.

त्याच्या त्या खुर्चीपुढं माझी नात दीक्षा चार महिने निजून बोलली, आणि नंतर मेली. ती खोटं बोलत नव्हती, एवढं एक वाक्य मला प्रशिकच्या तोंडून ऐकायचं होतं. मी त्याच्याजवळ दुसरं काही मागितलं नाही. तेवढंही त्यानं वर्षभर दिलं नाही.

आमचं घर इकडे हिंदी मुलखात, रेल्वेच्या वॅगन रिपेअर कॉलनीत. माझा माणूस भैय्यालाल भंडाऱ्याकडून इथं फिटर म्हणून आला, आणि रिटायर होऊन इथंच गेला. दोन पोरं. मोठा इंद्रजीत सिलतऱ्याला स्पंज आयर्नच्या प्लांटमध्ये. त्याची बायको नीलिमा, आणि त्यांची एकुलती एक दीक्षा. लहाना प्रशिक, लग्न केलं नाही, पुस्तकं केली. आमच्या खानदानात पहिला एम.ए. तोच, मानसशास्त्रात.

आमच्या घराची एक ऐट होती, ती सांगितली पाहिजे, कारण तीच आम्हाला भोवली. आमच्या दाराला लिंबू-मिरची नाही, लेकराच्या गळ्यात ताईत नाही. आजूबाजूच्या पाऱ्यात, म्हणजे वस्तीत, लेकरू तापलं की बैगा बोलवायचे, तो राख फुंकायचा, लिंबू कापायचा. इंद्रजीत लहान असताना शेजारणीनं एकदा बैगाला आमच्या दारापर्यंत आणला होता. भैय्यालालनं त्याला चहा पाजला आणि म्हणाला, "महाराज, तुमचं शिक्षण किती?" बैगा उठून गेला. तेव्हापासून आमच्या घरात हाच कायदा. शिकलेला सांगेल ते खरं. मी चौथी पास. माझ्यापेक्षा जो पाचवी जास्त शिकला, त्याच्यासमोर मी गप बसायला शिकले, आणि माझ्यासारखी तिखट जिभेची बाई गप बसते म्हणजे केवढा मान देते, हे कॉलनीला विचारा.

प्रशिक एम.ए. करत असताना मी पोळ्या लाटायची आणि तो ओट्याजवळ उभा राहून मला शिकवायचा. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी तिकडे युरोपात बायकांना एक आजार व्हायचा. कोणाचा हात लुळा पडायचा, कोणाचा आवाज जायचा, एक तर आपली भाषाच विसरली. हाडात काही नाही, रक्तात काही नाही. डॉक्टर म्हणायचे, नाटक आहे. पॅरिसचा एक मोठा डॉक्टर तर भरल्या सभेत त्या बायकांना नजरेनं झोपवून दाखवायचा, लोक पाहायला यायचे. मग व्हिएन्ना शहरात एक डॉक्टर निघाला. तो म्हणाला, यांना दाखवू नका, यांना बोलू द्या. मनाच्या तळाशी जे गाडलेलं आहे ते वर आलं की हात उठेल.

"जसं घराखाली तळघर असते, आई," प्रशिक म्हणायचा.

"रेल्वेच्या क्वार्टरले तळघर नसते, बाबू. आपल्या खाली निस्ते उंदीर हायेत."

पण मनातून मला ते आवडलं होतं. बायांचं ऐकून घेणारा डॉक्टर, ही काय लहान गोष्ट आहे? त्या डॉक्टरचा सिगारवाला फोटो प्रशिकनं फ्रेम करून आणला तेव्हा मी एवढंच म्हटलं की बाबासाहेबांच्या भिंतीवर नको, समोरच्या भिंतीवर लाव.

आणि एक दिवस त्यानं माझ्यावरच ते करून पाहिलं. "प्रॅक्टिस करायची आहे, आई, पड जराशी." मी पडले. काय बोलू, विचारलं. जे येईल ते बोल, म्हणाला. मी भाजीचा भाव बोलले, शेजारच्या रीनाच्या सुनेचं बोलले, आणि बोलता बोलता माझी पहिली पोरगी निघाली. नऊ महिन्यांची होऊन हगवणीत गेली होती, इंद्रजीतच्या आधी. चाळीस वर्षांत तिचं नाव मी तोंडात आणलं नव्हतं. त्या दिवशी पाऊण तास रडले. उठले तेव्हा अंग असं हलकं झालं होतं की मी त्याला कढी-भात करून वाढला. तेव्हापासून त्याच्या विद्येवर माझा विश्वास बसला. दगडावर रेघ ओढावी तसा.

त्यानं शंकर नगरात एक खोली भाड्यानं घेतली. कॉलेजात शिकवायचं आणि सायंकाळी तिथं बसायचं. बोर्डावर "डॉक्टर" लिहिणार होता. मी म्हटलं, आधी पीएचडी होऊ दे, मग लिही.

दीक्षाचं पोट दुखायला लागलं ते बारावीची शाळा उघडली त्या जून महिन्यात. सतरा वर्षांची पोट्टी, जिभेनं माझ्यावर गेलेली. मराठी सारी समजायची, जबाब हिंदीत द्यायची. मी म्हटलं, गुपचुप खाऊन खाऊन दुखतं. पाणीपुरीला इकडे गुपचुप म्हणतात. चौकातल्या ठेल्यावर वीस-वीस गुपचुप खायची. मेडिकलवाल्यानं गॅसच्या गोळ्या दिल्या. ऑगस्टमध्ये एका डॉक्टरनं दोन मिनिटं पाहून अ‍ॅसिडिटी लिहून दिली. सप्टेंबरात शाळेच्या प्रार्थनेत चक्कर येऊन पडली. तोंडावरचं मांस उतरलं, आणि पोट मात्र पुढं यायला लागलं. सलवारची नाडी ती आता बेंबीच्या वर बांधायची. नीलिमानं पाहिलं, मी पाहिलं, एकमेकीला बोललो नाही.

बोलली ती शेजारची रीना. वाळवण उचलता उचलता म्हणाली, "आंटी, दीक्षा आजकल भरी-भरी लग रही है."

"उसका बाप दो टाइम खिलाता है," मी म्हटलं. "तुले काहून पोट दुखते?"

रीनाला मी गप केलं, पण घरात येऊन नीलिमाला सांगितलं. त्याच दिवशी नीलिमा तोंडाला ओढणी बांधून शंकर नगरच्या एका दुकानातून ती तपासायची पट्टी घेऊन आली. इथल्या दुकानात घेतली असती तर संध्याकाळपर्यंत साऱ्या कॉलनीला कळलं असतं. दीक्षाला आम्ही कारण सांगितलं नाही, लघवीची साधी तपासणी म्हटलं. बाथरूमच्या दारात आम्ही दोघी सासू-सुना उभ्या. पट्टीवर एक रेघ आली. एक रेघ म्हणजे काही नाही. नीलिमा तिथंच फरशीवर बसून रडली आणि मग हसली. मी शेवयाची खीर करायला घेतली.

आता सांगते, ती खीर मला अजून घशाखाली जात नाही. पोटात मूल नाही एवढं कळलं, आणि आम्ही खीर खाल्ली. मग पोटात आहे काय, हे त्या घरात कोणी विचारलं नाही. मी तीन लेकरांच्या वेळा बघितलेली बाई, मीही नाही. सोनोग्राफीला न्यायचं तर बायांच्या डॉक्टरकडे रांगेत बसावं लागतं, आणि त्या रांगेत कॉलनीतली एक तरी बाई असतेच. सतरा वर्षांच्या पोरीला तिथं पाहिलं तर पट्टीवरची एक रेघ घरोघर दाखवत फिरायचं का? म्हणून आम्ही नेलं नाही. आमची इज्जत वाचली.

दीक्षाला दुसऱ्या दिवशी कळलं, कचऱ्याच्या डब्यात पट्टीचा कागद सापडला. माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"आजी, आप लोगों ने मेरा ये वाला टेस्ट किया?"

"लोकं बोलून राहिले होते, बाई."

"लोग बोल रहे थे तो मुझसे पूछ लेते."

दोन दिवस ती कोणाशी बोलली नाही. आणि तिसऱ्या दिवशी प्रशिकनं आम्हा साऱ्यांना समोरच्या खोलीत बसवलं. त्याचे डोळे चमकत होते. "मला कळलं," म्हणाला.

तीन वर्षांपूर्वी नीलिमाला सातव्या महिन्यात मेलेला मुलगा झाला होता. दीक्षा तेव्हा चौदाची. आईचं पोट वाढताना तिनं पाहिलं होतं, आणि एक दिवस आई रिकामी घरी आली. ते दुःख आम्ही कोणी घरात बोललो नाही. प्रशिक म्हणाला, ते न बोललेलं दुःख दीक्षाच्या मनात तळाला गेलं, आणि आता तिच्या शरीरातून वर येतंय. ती आईचं पोट स्वतः वाहतेय. व्हिएन्नाच्या त्या डॉक्टरच्या मित्राजवळही अशीच एक बाई आली होती, पोटात काही नसताना कळा द्यायची, असं पुस्तकात सांगतात. "पट्टी निगेटिव्ह आली, वहिनी, म्हणजे हे मनाचंच."

नीलिमा हुंदके देऊन रडली. इंद्रजीतसारखा लोखंडाचा माणूस तोंड फिरवून बसला. मी पदर डोळ्याला लावला. गोष्ट इतकी बरोबर बसली होती की बस. आमच्या घरातलं खरं दुःख घेऊन शिवलेली होती ना. झंपर मापात बसला म्हणून तो आपलाच असतो असं नाही, पण त्या वेळी कोणाला सुचतं?

एकटी दीक्षा कोरडी होती. "काका, मुझे उस बच्चे की याद भी नहीं आती. मुझे यहाँ दुखता है." तिनं बोट ठेवून दाखवलं. उजवीकडे, खाली.

प्रशिकनं बोटाकडे पाहिलं नाही. वहीत लिहिलं.

तिला त्याच्याकडे मी धाडलं. ती जायला तयार नव्हती. मीच म्हटलं, "जा माय, काकाजवळ बोल. मी बोलली तं माह्या छातीवरची शिळा उतरली. तुहीबी उतरते."

"आजी, मैं नाटक नहीं कर रही."

"नाटक कोण म्हणते? मनाचं हाये, मनाचं."

"मतलब वही ना."

मंगळवारी आणि शुक्रवारी ती काकाच्या गाडीमागं बसून शंकर नगरला जायची. नंतर तिला गाडीवर बसवेना, तेव्हा प्रशिक घरीच समोरच्या खोलीत बसायला लागला. मधे निस्ता पडदा. मी स्वयंपाकघरातून सारं ऐकायची.

"काल सपनात काय पाहिलं?"

"नींद ही नहीं आई. पेट दुख रहा था."

"डोळा लागला असंल थोडा. पाणी दिसलं?"

"प्यास लगी थी, काका. उठके पी लिया."

"भावाचं नाव काय ठेवणार होते, आठवते?"

"नहीं."

"नाही म्हणताना तू हात मुठीत धरला, दीक्षा. मन दार लावून घेते तेव्हा असंच होते. जितकं जोरात नाही, तितकं ते खोल आहे."

"और अगर मैं हाँ बोल दूँ?"

"मग दार उघडलं."

मग पोरगी म्हणाली, "मतलब दोनों तरफ़ से आप ही जीते. काका, ये अच्छा खेल है."

मी पडद्यामागं हसले. पोट्टी किती हुशार म्हणून हसले. त्या हसण्याची मला आज लाज वाटते.

जानेवारीत तिनं कण्हणं बंद केलं. विचारलं तर म्हणायची, ठीक आहे. प्रशिकला वाटलं, उतरलं. मला म्हणाला, "आई, पाहिलं? एक गोळी न देता." मी गोल बाजारातून किलोभर पेढे आणून कॉलनीत वाटले, रीनाला दोन जास्त दिले. दीक्षा पलंगावरून पाहत होती. ती बरी झाली नव्हती. सांगून काही होत नाही, हे तिला कळलं होतं.

फेब्रुवारीत प्रॅक्टिकलच्या परीक्षेतून तिला मैत्रिणींनी उचलून आणलं. पोट दगडासारखं. इंद्रजीतला फोन केला, तो प्लांटमधून तसाच आला, तोंडाला काजळी, बुटाला धूळ. कोणाला विचारलं नाही, पोरीला उचललं आणि सरकारी मोठ्या दवाखान्यात नेलं. सोनोग्राफी झाली, दुसऱ्या दिवशी पोट उघडलं. उजव्या अंडाशयाला गाठ, नारळाएवढी. फुटून साऱ्या पोटात पसरलेली. सर्जननं बाहेर येऊन विचारलं, "कब से था ये?"

"जून से," इंद्रजीत म्हणाला.

"तो इतने दिन क्या कर रहे थे?"

इंद्रजीतनं प्रशिककडे पाहिलं. प्रशिक सांगायला लागला, पेशंटची भावनिक पार्श्वभूमी, अमुक-तमुक. सर्जननं अर्ध्यातच मान खाली घातली आणि कागदावर लिहायला लागला. मी तेव्हा त्या डॉक्टरच्या तोंडाकडे पाहत होते. रागही नव्हता त्याच्या तोंडावर. बैगाकडून उशिरा आणलेली लेकरं त्याच्याकडे रोज येत असतील, त्याला सवय होती.

त्याच दवाखान्यात दीपमाला मॅडम भेटल्या. कॅन्सरच्या वॉर्डात आजाऱ्यांशी आणि घरच्यांशी बोलायला येतात, मनाच्याच डॉक्टर. पन्नाशीच्या, साधी सुती साडी. प्रशिकचं नाव ऐकून थांबल्या. प्रशिकला एम.ए.ला त्यांनीच शिकवलं होतं. मी त्यांच्यावर तुटून पडले. "हे शिकवलं तुम्ही माझ्या पोराला?"

त्या रागावल्या नाहीत. बाकावर माझ्या बाजूला नाही, समोर स्टूल ओढून बसल्या. हिंदीत बोलल्या, मी माझ्या भाषेत सांगते. म्हणाल्या, माँजी, मी दोन पाठ शिकवले होते. पहिला, त्या डॉक्टरनं काय केलं. दुसरा, आमच्याच विषयातल्या लोकांनी त्याच्यावर काय आक्षेप घेतले.

"त्यानं दुसरा नाही वाचला?"

"वाचला. परीक्षेत दोन्ही लिहिले. वर्गात सगळ्यात जास्त मार्क त्याचेच."

मग मी विचारत गेले आणि त्या सांगत गेल्या. त्या डॉक्टरनं बायांना बोलू दिलं, हे त्याचं मोठं काम, ते कोणी नाकारत नाही. सुरुवातीला बाया सांगायच्या की लहानपणी आमच्यासोबत घरच्याच माणसांनी वाईट केलं, तर त्यानं ते खरं मानलं. काही वर्षांनी त्याचं मत बदललं, म्हणाला की पुष्कळदा ते घडलेलं नसतं, मनानं रचलेलं असतं. त्यावर आजवर भांडण चालू आहे. पण मोठा आक्षेप वेगळाच. बंद खोलीत एक आजारी आणि एक तो. काय ऐकलं ते तोच सांगणार, त्याचा अर्थही तोच लावणार. आजाऱ्यानं हो म्हटलं तर तो बरोबर, नाही म्हटलं तर आजाऱ्याचं मन विरोध करतंय, म्हणजे तरी तो बरोबर. मग तो चुकला हे कळणार कुठून? जी गोष्ट चुकूच शकत नाही, तिला विज्ञान कसं म्हणायचं?

"हे तं माह्या नातीनं म्हटलं होतं," मी म्हणाले.

"तिनं न शिकता म्हटलं," मॅडम म्हणाल्या.

मला बैगा आठवला. लेकरू वाचलं तर माझ्या मंत्रानं, मेलं तर तुमच्या घरात खोट होती. चहा पाजून दारातून घालवला होता आम्ही त्याला. आणि हा दुसरा आम्ही पोटाला चिमटा काढून, कॉलेजची फी भरून घरात तयार केला होता.

जाताना मॅडमनी आणखी एक सांगितलं, सांगावं की नाही असं करत. त्या डॉक्टरनं स्वतःच लिहून ठेवलंय. चौदा वर्षांची एक मुलगी त्याच्याकडे आली होती. पोट दुखायचं तिचं. त्यानं मनाचा आजार ठरवला, उपचार केला, बरी झाली म्हणाला. दोन महिन्यांत ती पोटातल्या गाठीनं मेली. तरी त्यानं लिहिलं की मनाचा आजार होताच, गाठीनं त्याला निमित्त दिलं. आणि काही महिन्यांनी कागदांत तिचं नाव आलं तर, ही कोण, हे त्याला आठवेना.

"ही गोष्ट प्रशिकला माहीत आहे?" मी विचारलं.

"दुसऱ्या पाठात आहे," म्हणाल्या.

दीक्षा पुढं दीड महिना जगली. औषधानं केस गेले. शुद्धीवर असली की टोमणे मारायची, नर्सलाही सोडायची नाही. प्रशिक रोज यायचा, पण वॉर्डाच्या दारापर्यंत. आत यायचा नाही. एप्रिल लागला होता. मी तिच्या ओठाला ओला कापूस लावत होते.

"आजी, अब तो सबको पता है ना, मैं झूठ नहीं बोल रही थी."

"पता हाये, माय. साऱ्यायले पता हाये."

"काका को?"

"त्यालेबी."

"उनसे बुलवाना. एक बार." मग डोळे मिटून म्हणाली, "मुझे सुनना है."

मी दारात गेले. प्रशिक भिंतीला टेकून उभा होता. मी त्याचा हात धरला, ओढला. "चाल. एवढं बोल तिच्याजवळ आणि मंग कुठीबी जाय." तो म्हणाला, "आई, तिची अवस्था नाजूक आहे, अशा वेळी अपराधभावना…" बाकीचं मला समजलं नाही. त्यानं हात सोडवून घेतला. बाबासाहेबांच्या जयंतीच्या चार दिवस आधी ती गेली. कॉलनीत निळ्या पताका लावत होते, पोरांनी त्या अर्ध्यावर थांबवल्या.

नंतर वर्षभर मी वाट पाहिली. इंद्रजीत भावाशी बोलत नाही, नीलिमा त्याच्या ताटात वाढून आत निघून जाते. एकदा मीच विषय काढला तर ताटाकडे पाहत म्हणाला, "मनाचा भाग मी बरा केला होता, आई. शरीराचा आजार वेगळा निघाला." मी हातातली पोळी परत डब्यात टाकली. दीपमाला मॅडमनं सांगितलेली ती चौदा वर्षांची पोरगी जणू आमच्या स्वयंपाकघरात येऊन गेली. शंकर नगरची खोली चालूच होती. आता पेशंट जास्त येतात, ऐकलं.

परवा दीक्षाचं पहिलं पुण्यस्मरण झालं, विहारात. आमच्यात त्रिसरण-पंचशील झालं की माणसं एक-एक उठून गेलेल्याबद्दल दोन शब्द बोलतात. सतरंजी भरली होती. पांढऱ्या कपड्यातली माणसं, समोर तिचा शाळेच्या आयकार्डातून मोठा केलेला फोटो. तिच्या शाळेची मॅडम बोलली, मैत्रीण बोलली, रीना बोलली आणि माईक सोडेना इतकी रडली. मग प्रशिक उठला. मी मांडी सावरून बसले. मला वाटलं, साऱ्या समाजासमोर बोलायचं म्हणून हा वर्षभर थांबला असेल. आईचं मन, काहीही मानतं.

त्यानं चांगल्या पुस्तकी मराठीत सुरुवात केली. "दीक्षा अतिशय संवेदनशील आणि अबोल मुलगी होती. आपलं दुःख तिनं कधीच कोणाजवळ उघड केलं नाही. आपण सगळ्यांनी यातून शिकलं पाहिजे, की मुलांना बोलतं केलं पाहिजे. ती वेळेवर बोलली असती, तर कदाचित…"

लोक माना हलवत होते. नीलिमानं माझा गुडघा दाबला, बसून राहा म्हणून. मी तिचा हात काढून उठले. गुडघे धरतात माझे, उठायला वेळ लागला, तोवर सारे माझ्याकडे पाहायला लागले होते. प्रशिक थांबला. माईक त्याच्याच हातात होता. मला माईक लागत नाही.

"अबोल?" मी म्हटलं. "प्रशिक, इकडे पाहाय. माह्याकडे पाहून आईक. थे पोट्टी जूनपासून बोलून राहिली होती. बोट ठेवून जागा दाखवली तिनं. तुले पटलं नाई, काहून का तुले तिच्या दुखण्यापेक्षा चांगली गोष्ट सापडली होती. आमचंच मेलेलं लेकरू घेऊन तू थे गोष्ट केली, आन् आमी रडलो, आन् मानली. मी तिले तुह्याकडे धाडली. हा माहा गुन्हा हाये, मी या समाजासमोर कबूल करतो. तू कॉलेजात शिकवतं, शिकव, दोन्ही पाठ शिकव. पण उद्या सकाळी शंकर नगरचा तो बोर्ड उतरव. नाई उतरवला तं मी सोता जाऊन दारात बसीन, आन् येणाऱ्या एका-एकाले सांगीन का आधी दवाखान्यात जा. माय म्हणून तुले घरातून काढत नाई. भाकर भेटंल तुले. पण आता कान उघडून आईक. पोरगी खरं बोलून बोलून मेली, आन् आपुन दोघं तिले खोटं पाडून जित्ते हाओ."